पावती नसलेली नेमणूक

मोठा खेळाडू हा मोठा प्रशिक्षक होतोच असे नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत झाले आहे. क्रिकेट असो, हॉकी असो वा फुटबॉल. संघ हरला की कोणीतरी हे वाक्य टाकतो आणि बाकीचे माना डोलावतात. पण या वाक्याच्या आड एक महत्त्वाचा प्रश्न राहून जातो. मोठ्या खेळाडूला प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसवतो कोण आणि कशाच्या आधारावर? त्याच्या जुन्या पराक्रमाच्या आधारावर, की नव्या कामाला लागणाऱ्या पात्रतेच्या? आणि समजा ती पात्रता त्याच्याजवळ आहे. तरी ती रीतसर तपासून पाहिली गेली, हे चार लोकांना दिसायला हवे की नको?

दक्षिण कोरियाचे फुटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक झालेले होंग म्यूंग-बो यांची कारकीर्द वाचताना हे प्रश्न एकामागून एक समोर येतात. (कोरियन नावांत आडनाव आधी लिहितात; तेव्हा होंग हे आडनाव.) या एकाच माणसाला राष्ट्रीय संघाच्या एकाच खुर्चीवर दोनदा बसवले गेले. २०१३ साली आणि पुन्हा २०२४ साली. पहिल्या खेपेचा शेवट विमानतळावरच्या अपमानात झाला. दुसऱ्या खेपेची सुरुवातच अशी झाली की प्रकरण थेट संसदेपर्यंत गेले.

वाचक म्हणतील, कुठले कोरिया आणि कुठले आपण! पण एके काळी फुटबॉलमध्ये हे दोन देश खांद्याला खांदा लावून उभे होते. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत अंतिम सामन्यात भारताने याच दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले होते, पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे ते गोल जुनी मंडळी अजून सांगतात. त्यानंतर ते कुठे गेले आणि आपण कुठे राहिलो, हे उगाळत बसण्यात अर्थ नाही. मात्र ज्या देशाने १९८६ पासून एकही विश्वचषक चुकवलेला नाही, तिथला कारभारही कुठे आणि कसा घसरतो, हे पाहण्यासारखे आहे.

होंग यांचा जन्म १९६९ सालचा, सोल शहरातला. कोरिया विद्यापीठात शिकत असताना ते पुढे आले आणि १९९० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इटलीतल्या विश्वचषकात खेळले. म्हणजे आपण ज्या वयात परीक्षेचे अर्ज भरण्यासाठी रांगेत उभे असतो, साधारण त्या वयात. त्यांची जागा बचावफळीच्याही मागची. ज्याला फुटबॉलमध्ये लिबेरो म्हणतात, ती. सगळे चुकले तर शेवटी सावरणारा तो, आणि संधी दिसताच चेंडू घेऊन पुढे निघणाराही तोच. १९९२ साली पोहांगच्या पोलाद कारखान्याच्या संघाकडून त्यांनी व्यावसायिक साखळीत पाऊल टाकले. त्याच पहिल्या वर्षी संघाने विजेतेपद मिळवले आणि होंग वर्षातले सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले.

१९९४ साली अमेरिकेतल्या विश्वचषकात जगाने त्यांना नीट पाहिले. स्पेनविरुद्ध कोरिया दोन गोलांनी मागे पडला होता आणि सामना संपायला पाचच मिनिटे उरली होती. तेव्हा होंग यांनी एक गोल केला. अखेरच्या मिनिटाला आणखी एक झाला आणि सामना २-२ असा सुटला. पुढे जर्मनीविरुद्ध मध्यंतरालाच ०-३ अशी अवस्था होती. उत्तरार्धात कोरियाने दोन गोल फेडले, त्यातला एक पुन्हा होंग यांचाच. सामना गेला, पण बचावपटूने एका विश्वचषकात दोन गोल करावेत आणि तेही अशा संघांविरुद्ध, ही गोष्ट लोकांच्या मनात बसली. पुढे जपानमधील हिरात्सुका आणि काशिवा येथील संघांकडून ते खेळले. काशिवाच्या संघाचे नेतृत्वही त्यांनी केले.

मग आले २००२ साल. कोरिया आणि जपान यांनी मिळून भरवलेला विश्वचषक. तोपर्यंत कोरियाने पाच विश्वचषकांत मिळून १४ सामने खेळले होते आणि त्यांतला एकही जिंकला नव्हता. डच प्रशिक्षक गुस हिडिंक यांच्या हाताखाली आणि तेहतीस वर्षांच्या होंग यांच्या नेतृत्वाखाली या संघाने पोलंड, पोर्तुगाल आणि इटली यांना हरवले. उपान्त्यपूर्व सामना स्पेनशी, ग्वांगजू शहरात. गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी किक्स. पाचवी आणि निर्णायक किक मारायला कर्णधार स्वतः पुढे आला आणि चेंडू जाळ्यात गेला. आशियाचा एखादा संघ विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत गेल्याचे तोवर कोणी पाहिले नव्हते. इटली आणि स्पेन यांच्याविरुद्धच्या सामन्यांतल्या पंचांच्या निर्णयांवर पुष्कळ टीका झाली, आजही होते. ते लपवण्याचे कारण नाही. पण स्पर्धेतल्या उत्कृष्ट खेळाडूंच्या यादीत ऑलिव्हर कान आणि रोनाल्डो यांच्यामागे तिसरे नाव होंग यांचे लागले, ते काही पंचांनी लावले नाही.

त्याच स्पर्धेतली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्पेनवरच्या विजयाला जेमतेम आठवडा झाला होता. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तुर्कस्तानविरुद्ध खेळ सुरू होताच चेंडू होंग यांच्याकडे आला, त्यांच्या पायातून तो हिसकावला गेला आणि अवघ्या अकराव्या सेकंदाला गोल झाला. विश्वचषकाच्या इतिहासातला तो सर्वांत जलद गोल. शेवटच्या राखणदाराची ही चूक. पण त्यांना कोणी बोल लावला नाही. जमेच्या बाजूला एवढे साठलेले असताना अकरा सेकंदांचा खर्च कोण धरतो?

खेळाडूची पुण्याई ही अशी असते. वाणिज्य शाखेत आम्ही तिला 'गुडविल' म्हणतो. ती खरी मालमत्ता असते, कष्टाने मिळवलेली असते. पण तिची एक अडचण आहे: ज्या धंद्यात ती कमावली, त्या धंद्यापुरतीच तिची खात्री देता येते. किराणा मालाच्या उत्तम दुकानदाराने उद्या औषधांचे दुकान काढले, तर गिऱ्हाईक पहिल्या दिवशी जुन्या नावावर येईल. दुसऱ्या दिवशी मात्र ते औषध बघेल.

होंग यांच्या बाबतीत सांगायला आनंद वाटतो, की त्यांनी सुरुवात योग्य तऱ्हेने केली. १३६ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला हा माणूस निवृत्तीनंतर लगेच मुख्य खुर्ची मागू शकला असता. तसे झाले नाही. आधी ते परदेशी प्रशिक्षकांचे सहायक झाले. २००६ च्या विश्वचषकात डिक आडव्होकाट यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. २००९ साली त्यांच्याकडे वीस वर्षांखालील मुलांचा संघ आला. इजिप्तमधल्या स्पर्धेत या मुलांनी उपान्त्यपूर्व फेरी गाठली आणि पुढे विजेत्या ठरलेल्या घानाकडून ती २-३ अशी हरली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. इराणविरुद्ध १-३ असे मागे असताना त्यांनी तो सामना ४-३ असा फिरवला. आणि साधारण हीच पिढी घेऊन २०१२ साली होंग लंडन ऑलिंपिकला गेले.

इथे कोरियन आयुष्यातली एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. तिथे प्रत्येक धडधाकट तरुणाला सुमारे दोन वर्षे सैन्यात सेवा करावी लागते. खेळाडूच्या ऐन उमेदीतली ही दोन वर्षे. ऑलिंपिकमध्ये कोणतेही पदक किंवा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तर या सेवेतून जवळजवळ सूट मिळते. काही आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण मात्र घ्यावे लागते. पार्क चू-यंग हा आघाडीचा खेळाडू मोनॅकोत खेळत असताना तिथल्या वास्तव्याच्या परवान्यावर त्याने ही सेवा दहा वर्षे लांबवून घेतली होती, आणि त्यामुळे देशभर त्याच्याविरुद्ध संताप होता. होंग यांनी त्याला ऑलिंपिक संघात घेतले. नुसते घेतले नाही. पत्रकारांसमोर त्याच्या शेजारी बसले आणि हा सैन्यात गेला नाही तर त्याच्या जागी मी जाईन, असे म्हणाले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कार्डिफ येथे यजमान ब्रिटनला पेनल्टी किक्सवर हरवून कोरिया उपान्त्य फेरीत गेला. ब्राझीलने ३-० असे रोखले. मग कांस्यपदकासाठी समोर जपान. त्या सामन्यात पहिला गोल पार्क चू-यंगनेच केला आणि कोरियाने २-० असा विजय मिळवला. ऑलिंपिक फुटबॉलमधले कोरियाचे हे पहिले पदक. सामना संपता संपता होंग यांनी किम की-ही नावाच्या तरुण बचावपटूला मैदानात उतरवले. तोवर त्या स्पर्धेत एक मिनिटही न खेळलेला तो एकटाच राहिला होता, आणि जो खेळला नाही त्याला सूट मिळणार नव्हती. प्रशिक्षकाने त्या धामधुमीत हे लक्षात ठेवले. 'मोठा भाऊ' अशी त्यांची प्रतिमा झाली ती उगाच नव्हे.

पण माणसाचा गुण हाच पुष्कळदा त्याचा दोष होऊन बसतो. जून २०१३ मध्ये, विश्वचषकाला एक वर्ष उरले असताना, होंग यांच्या गळ्यात राष्ट्रीय संघाची माळ पडली. आपापल्या क्लबमध्ये जे नियमित खेळतात त्यांनाच संघात जागा, असे तत्त्व त्यांनी स्वतःच जाहीर केले. चांगले तत्त्व होते. पार्क चू-यंग मात्र तेव्हा आर्सेनलमध्ये बाकावर बसून होता; नंतर वॉटफर्डला उसना गेला, तिथेही त्याचे खेळणे नावापुरतेच झाले. तरीही ब्राझीलच्या विमानात तो बसला. नियम मोडला तो दुसऱ्या कोणी नव्हे, नियम करणाऱ्यानेच. कोरियन वर्तमानपत्रांनी याला 'निष्ठेचे फुटबॉल' असे नाव दिले. निष्ठा हा शब्द किती चांगला, आणि तिथे तो शिवीसारखा वापरला गेला!

रशियाशी १-१ अशी बरोबरी झाली. अल्जीरियाने मध्यंतरालाच तीन गोल चढवले होते आणि शेवटी ४-२ असे हरवले. बेल्जियमचे दहाच खेळाडू मैदानात उरले होते, तरी तो सामनाही ०-१ असा गेला. गटात तळाचा क्रमांक. संघ इंचॉनच्या विमानतळावर उतरला तेव्हा जमलेल्यांपैकी काहींनी खेळाडूंच्या दिशेने 'यत' नावाची चिकट मिठाई फेकली. कोरियन भाषेत 'यत खा' ही शिवी आहे. जुलैच्या दहा तारखेला होंग यांनी राजीनामा दिला.

मिठाई फेकणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. त्या संघात बावीस-तेवीस वर्षांची पोरे होती. त्यांनी कोणाचा विश्वासघात केला नव्हता. पण त्या रागाच्या मुळाशी काय होते ते पाहिले पाहिजे. कोरिया विश्वचषकात त्यापूर्वी अनेकदा हरला होता. १९५४ साली तर दोन सामन्यांत सोळा गोल खाऊन परतला होता. लोक हरण्यावर इतके चिडत नाहीत. नियम सर्वांना आणि सूट एकाला, हे दिसले की चिडतात. आपल्याकडे वशिला हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, तसाच तो कोरियातही लागत नसावा.

त्यानंतरची होंग यांची दहा वर्षे मला त्यांच्या खेळाडूपणापेक्षाही अधिक शिकवणारी वाटतात. ते चीनमधल्या हांगझूच्या संघाकडे गेले; २०१६ साली तो संघ खालच्या श्रेणीत घसरला. तिथून परतल्यावर तीन वर्षे त्यांनी कोरियन फुटबॉल महासंघाच्या कचेरीत कार्यकारी पद सांभाळले. २०२१ च्या हंगामापासून ते उल्सानच्या संघाचे प्रशिक्षक झाले. हा संघ २००५ नंतर साखळी जिंकलेला नव्हता आणि आधीची दोन्ही वर्षे जिओनबुकच्या मागे दुसरा आला होता. होंग यांच्या पहिल्या वर्षीही तेच झाले; पुन्हा दुसरा. २०२२ च्या ऑक्टोबरात याच जिओनबुकविरुद्ध उल्सान ०-१ असा मागे होता. नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर जादा वेळेत दोन गोल झाले, सामना फिरला आणि आठवड्याभरात सतरा वर्षांची प्रतीक्षा संपली. २०२३ मध्ये विजेतेपद पुन्हा आले. दोन्ही वर्षी सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून होंग यांची निवड झाली. हे यश मात्र कोणी २००२ च्या पुण्याईवर त्यांच्या पदरात घातले नव्हते. हे नव्या दुकानातले, नव्याने कमावलेले नाव होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आशियाई चषकातल्या पराभवानंतर महासंघाने जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लिन्समन यांना काढले. नवा माणूस शोधण्यासाठी समिती होती. पाच महिने शोध चालला. मध्ये दोन हंगामी प्रशिक्षक होऊन गेले. जूनच्या अखेरीस समितीच्या अध्यक्षांनीच पद सोडले. मग महासंघाचे तांत्रिक संचालक युरोपात जाऊन दोन परदेशी उमेदवारांना भेटले, परत आले, आणि रात्री उशिरा होंग यांच्या घराजवळ जाऊन त्यांना भेटले. ७ जुलै रोजी होंग यांचे नाव जाहीर झाले. कार्यकारी मंडळाची संमती त्यानंतर लेखी मागवण्यात आली. परदेशी उमेदवारांच्या रीतसर मुलाखती झाल्या. होंग यांना जाऊन विनंती करण्यात आली. समितीतल्या एका सदस्याने, माजी खेळाडू पार्क जू-हो यांनी, आपल्यालाही या निवडीची कल्पना नव्हती, असे उघडपणे सांगितले. उल्सानच्या प्रेक्षकांनी काळजी करू नये अशा अर्थाचे होंग थोड्याच दिवसांपूर्वी बोलले होते. तेच होंग ऐन हंगामात संघ सोडून निघाले.

सप्टेंबरात प्रकरण संसदेच्या समितीपुढे आले. महासंघाचे अध्यक्ष आणि होंग या दोघांनाही तिथे उत्तरे द्यावी लागली. संस्कृती व क्रीडा मंत्रालयाने चौकशी केली. नेमणुकीत महासंघाने स्वतःचेच नियम पाळले नाहीत आणि ज्याला शिफारशीचा अधिकार नव्हता त्याने शिफारस केली, असा निष्कर्ष निघाला. करार मात्र त्यामुळे आपोआप रद्द ठरतो, असे मंत्रालयाने म्हटले नाही. होंग जागेवर राहिले. महासंघाचे अध्यक्ष तर फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथ्यांदा निवडून आले.

आता कोणी म्हणेल, एवढा गहजब कशासाठी? दोन वेळा साखळी जिंकलेला, ऑलिंपिक पदक मिळवून दिलेला, मातीतला माणूस. त्याच्याइतकी पात्रता असलेला दुसरा कोरियन प्रशिक्षक शोधून सापडणे अवघड. आणि निकाल पाहा: पात्रता फेरीच्या त्या टप्प्यातल्या दहा सामन्यांपैकी सहा विजय, चार बरोबरी, पराभव एकही नाही. जून २०२५ मध्ये बसरा येथे इराकला २-० असे हरवून कोरियाने लागोपाठ अकराव्या विश्वचषकात प्रवेश मिळवला. आंबे खायचे सोडून कोयी कशाला मोजायच्या?

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. होंग यांची पात्रता मला मान्य आहे. किंबहुना म्हणूनच हे प्रकरण मला अधिक बोचते. हिशेबतपासणीच्या पहिल्याच धड्यात आम्हाला शिकवतात की वहीतल्या प्रत्येक नोंदीमागे पावती हवी. तपासनीस वही उघडतो तेव्हा पैसे चांगल्या कामाला खर्च झाले की वाईट, हे आधी विचारत नाही. तो विचारतो, व्हाउचर कुठे आहे? खर्च अगदी योग्य असेल, माल उत्तम आला असेल. पण पावती नसेल तर ती नोंद संशयास्पद ठरते. हा नियम चोरांसाठी केलेला आहे असे लोकांना वाटते. खरे तर तो प्रामाणिक माणसाच्याच उपयोगी पडतो. चोराला पावती बनवता येते. प्रामाणिक माणसाजवळ आपला प्रामाणिकपणा दाखवायला पावतीखेरीज दुसरे असते तरी काय?

होंग यांच्याजवळ २०२४ साली ती पावती नव्हती, आणि ती त्यांना नाकारली महासंघाने. त्यांनाही इतर उमेदवारांसारखे समितीपुढे बोलावले असते, संघ कसा बांधणार ते विचारले असते, २०१४ मध्ये काय चुकले आणि त्यातून काय शिकलात हा अवघड प्रश्नही विचारला असता, तर बहुधा ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले असते. उत्तर तेच आले असते. पण गणिताच्या उत्तरपत्रिकेत नुसते उत्तर लिहून रीत न दाखवणाऱ्याला पूर्ण गुण मिळत नाहीत. आणि शेजारच्याचे बघून लिहिले असेल अशी शंका येते ती वेगळीच.

या पावती नसलेल्या नेमणुकीची किंमत कोणी मोजली? महासंघाच्या अध्यक्षांनी नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅलेस्टाइनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात सोलच्या मैदानावर स्वतःच्याच संघाची हुर्यो झाली. पडद्यावर होंग यांचा चेहरा दिसताच आरडाओरडा होई. सामना गोलशून्य सुटल्यावर बचावपटू किम मिन-जे प्रेक्षकांसमोर गेला आणि आमच्यामागे उभे राहा, अशी विनवणी त्याला करावी लागली. ज्या खेळाडूंचा या नेमणुकीशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनी घरच्या मैदानावर परक्यासारखे खेळायचे! वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पॅराग्वेविरुद्धच्या सामन्याला त्याच प्रचंड मैदानात बावीस हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. निम्म्याहून अधिक जागा मोकळ्या. विश्वचषकाची पात्रता मिळाली होती, तो सामनाही कोरियाने २-० असा जिंकला. तरी लोक आले नाहीत. म्हणजे निकालाने सगळे धुऊन निघते, हेही खरे नव्हे.

उल्सानची गोष्टही सांगण्यासारखी आहे. होंग मध्येच सोडून गेले, तरी नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्या संघाने २०२४ सालीही विजेतेपद मिळवले. कोणीच माणूस इतका अपरिहार्य नसतो की त्याच्यासाठी नियम गुंडाळून ठेवावेत.

होंग स्वतः यात निर्दोष आहेत, असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या जखमेची भीती वाटत होती, तरी पुन्हा एकदा झुंजून पाहावेसे वाटले, अशा आशयाचे ते बोलले. हे मनापासूनचे असावे. पण बारा वर्षांपूर्वी एका तरुण खेळाडूच्या शेजारी बसून त्याची बाजू जगापुढे मांडणाऱ्या माणसाने त्या रात्री एवढे म्हणायला हवे होते: मी येतो, पण समितीपुढून येतो. मला विचारायचे ते विचारा, मग ठरवा. एवढ्या एका वाक्याने त्यांचा मान कमी झाला नसता. उलट २०१४ ची निष्ठेची शिवी तिथल्या तिथे पुसली गेली असती.

मी विशीतला, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. फुटबॉलच्या डावपेचांवर अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही. पण या मासिकाच्या वाचकांतले पुष्कळजण चार-दोन वर्षांत कुठेतरी नोकरीला लागतील. कोणी निवडणारा होईल, कोणी निवडला जाणारा. कधीतरी आपल्याही दारात रात्री कोणी ओळखीचा माणूस येईल आणि म्हणेल, अर्ज-मुलाखतीच्या भानगडीत पडू नका, जागा तुमचीच आहे. आपण त्या जागेला खरोखर लायक असू, आणि नेमकी म्हणूनच नाही म्हणणे कठीण जाईल. नालायक माणसाला निदान मनातून तरी लाज वाटते. लायक माणसाला वाटते, माझे हक्काचेच तर मला मिळते आहे.

अशा वेळी होंग म्यूंग-बो यांची आठवण ठेवावी. २०२६ च्या विश्वचषकातले आकडे ज्याने त्याने हवे तसे वाचावेत. जिंकलेल्या सामन्याने जुनी पावती तयार होत नाही आणि हरलेल्या सामन्याने उल्सानचे यश खोटे ठरत नाही. ग्वांगजूच्या त्या संध्याकाळी हा माणूस भरल्या मैदानात सर्वांच्या देखत चेंडूपाशी एकटा चालत गेला होता. दुसरी नेमणूकही तशीच, सर्वांच्या देखत व्हायला हवी होती.